जागच्या जागी

जुनं घर पाडून त्या नवराबायकोनं तिथेच नवं बांधलं, आणि बघणाऱ्यानं बघत राहावं असं बांधलं. भिंती ओळंब्यात सरळ, फरशी काचेसारखी, उंबरा म्हणून कुठे नाही. सगळं आप्पांसाठी, म्हणजे तिच्या सासऱ्यांसाठी. त्यांना दिसत नव्हतं. जुन्या घरात ते कुणाचा हात न धरता वावरत. इथे ते जमेल का, हीच दोघांना धास्ती होती.

पहिल्या दिवशी मुलानं हात पुढे केला.

"सोड रे, मी काय पाहुणा आहे?" म्हणत आप्पा एकटेच निघाले. कुठे अडखळले नाहीत. फक्त सपाट फरशीवर एके ठिकाणी त्यांनी उंबरा ओलांडावा तसा पाय उचलला.

"सवय हो," सून नवऱ्याच्या कानात कुजबुजली.

"सूनबाई, जीव ओतलात गं! सगळं कसं जागच्या जागी ठेवलंत."

"अहो आप्पा, नकाशाच बदललाय..."

आप्पा कोऱ्या भिंतीपाशी थांबले. जुन्या घरात तिथे खिडकी होती. त्यांनी दोन्ही कोपरं टेकली, अंगाचा भार टाकला आणि चेहरा पुढे केला.

मुलगा धावला आणि मधेच थबकला. कोपरांखाली काहीच नव्हतं. पंखे अजून बसायचे होते, दारंखिडक्या बंद होत्या, आणि आप्पांचे पांढरे केस वाऱ्यानं भुरभुरत होते.