डनमोरला हरवायचं होतं

“अरे, हात मोडलेत का तुझे? दे ना उलटा फटका!”

वेंडेल कठड्यावर ओणवा होऊन ओरडला. खाली लॅक्रोसच्या मैदानात डनमोर कॉलेजच्या लाल सदऱ्यातल्या एका धटिंगणाने त्याच्या मुलाच्या, डॅल्टनच्या दंडावर काठी हाणली होती. पंचाचं लक्ष नव्हतं. डॅल्टनने काठीच्या टोकाच्या जाळीत चेंडू सावरला आणि निमूट पुढे पळाला. गेल्या वर्षी याच्या निम्म्या आगळिकीवर त्याने एकाला आडवा केला होता आणि शिक्षा म्हणून बाहेर बसला होता. त्या दिवशी सामना गेला, तरी वेंडेल छाती फुगवून घरी परतला होता.

ॲशफील्ड आणि डनमोर यांचं हाडवैर. डॅल्टन ॲशफील्डला शिकायला गेल्यापासून दर वसंतात डनमोरने त्यांचं नाक कापलं होतं. यंदा त्याचं शेवटचं वर्ष. डनमोरला एकदा पाणी पाजलेलं बघायचं, मग काय व्हायचं ते होवो, असं वेंडेलने मनाशी ठरवलं होतं.

काय व्हायचं ते डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. पोटातली गाठ पसरली होती. पानगळ बघायला मिळाली तर नशीब. हे फक्त शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीला, मर्नाताईला ठाऊक होतं. डॅल्टनला कळलं असतं तर तो कॉलेज सोडून उशाशी येऊन बसला असता. वेंडेलला तेच नको होतं. मूळ अमेरिकन आदिवासींच्या त्याच्या वस्तीतल्या बहुतेक पुरुषांसारखा जन्मभर तो न्यूयॉर्कच्या अर्धवट उभ्या इमारतींत, लोखंडी तुळयांवरून चालला होता. कुणी आपला हात धरावा ही कल्पनाच त्याला सोसवत नसे.

“लाँगहाऊसच्या सभेत वडीलधाऱ्यांपुढे एक शब्द टाक,” थर्मासमधलं मक्याचं सूप त्याच्यापुढे धरत मर्नाताई पुन्हा म्हणाली. “वस्तीतली माणसं तुझ्यासाठी खेळ मांडतील. देवाने आपल्या लोकांना लॅक्रोस दिला तो दुखणाईतांसाठी. या कॉलेजवाल्यांच्या ढालींसाठी नाही.”

“खेळ मागितला की वस्तीभर बोभाटा. मग पोराच्या कानावर जायला कितीसा वेळ? तू सूप पी, ताई.”

“जरा गोड बोललास तर जीभ झडेल का रे तुझी?”

वेंडेलचं लक्ष मैदानावर होतं. त्या धटिंगणाने डॅल्टनला मागून ढकललं. डॅल्टन तोंडावर आपटला, उठला आणि पुन्हा धावायला लागला. थोड्या वेळाने तोच धटिंगण पाय घसरून पडला, तर डॅल्टनने हात देऊन त्याला उभं केलं. वेंडेलचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

“तुमचाच ना तो?” मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने पुढे वाकून विचारलं. “आज चर्चमध्ये आल्यासारखा खेळतोय.”

वेंडेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “शेपूट घालतोस?” तो बेंबीच्या देठापासून ओरडला. “कुणाच्या पोटचा आहेस तू? माझा नाहीस!”

आसपासची माणसं चपापली. डॅल्टनने मान वर करून बघितलं. हेल्मेटच्या जाळीआड त्याचा चेहरा दिसला नाही. मर्नाताईने भावाची बाही ओढली. त्याने ती झटकली.

शेवटी शेवटी बरोबरी झाली. चेंडू डॅल्टनकडे होता, समोर गोल मोकळा होता. इतक्यात मागून पाठीत काठी बसली. चेंडू निसटला, डनमोरने तो पळवत नेला आणि गोल केला. भोंगा वाजला. ॲशफील्डची पोरं त्या धटिंगणावर तुटून पडली, आणि त्यांना बाजूला कोण ओढत होतं? डॅल्टन.

लाल सदरे नाचत होते. वेंडेल मटकन खाली बसला. आधी संताप आला. मग वाईट वाटलं. आयुष्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती, तीही पोराने गमावली.

डॅल्टन पंचाशी काहीतरी बोलला आणि कठड्यापाशी आला. हेल्मेट काखेत होतं, ओठ फुटला होता.

“लाज नाही वाटत?” वेंडेल म्हणाला. “तो तुला झोडपत होता, आणि तू...”

डॅल्टनने कठड्यावरून हात आत घातला. मुठीतला चेंडू बापाच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं त्यावर मिटवली.

मर्नाताईने तोंडाला पदर लावावा तशी शाल लावली. त्यांच्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. आजारी माणसासाठी लाकडी काठ्यांनी खेळ मांडला की कुणी कुणावर राग धरायचा नाही. एकाने जरी धरला, तरी खेळाला गुण येत नाही. हार-जीत कुणी विचारत नाही, आणि शेवटी चेंडू त्या आजारी माणसाच्या हातात देतात.

वेंडेलने बहिणीकडे पाहिलं. तिने रडत रडतच नाही म्हणून मान हलवली. तिने सांगितलं नव्हतं.

“हिवाळ्यात छपरावरचं बर्फ काढायला तुम्ही मला शिडीवर चढवलंत,” डॅल्टन म्हणाला. “स्वतः खाली उभे राहिलात. तेव्हाच कळलं.”

वेंडेलने चेंडू दोन्ही हातांत धरला.

“काठी लाकडाची नव्हती, प्लास्टिकची होती, तेवढं चालवून घ्या. पण राग नाही येऊ दिला मी, बाबा. शेवटपर्यंत नाही.” डॅल्टनने ओठावरचं रक्त पुसलं. “त्या लाल सदऱ्याचे फटके सोपे होते. तुमचं ओरडणं तेवढं जड गेलं.”