मोज्याचं गाणं

"लागलं! अगं, लागलं!" गवई स्वयंपाकघरातून ओरडला, तेव्हा बायकोला वाटलं, याचं बोट दारात सापडलं की काय. ती शिलाई मशीनवरून उठून धावत आली. ओट्यावरच्या रेडिओत अकॉर्डियन वाजत होतं आणि तिचा नवराच गात होता:

डावा मोजा पळून गेला, नाही गेला सांगून,
उजवा बिचारा रडतो आहे दोरीवरती टांगून.

गवई हे नाव गल्लीनं थट्टेनं ठेवलेलं. तो विनोदी गाणी लिहायचा, स्वतःच वाजवायचा, घरच्या घरी रेकॉर्ड करायचा. आपण कुठल्याही संगीत कंपनीच्या दावणीला बांधून घेतलं नाही, असं छाती फुगवून सांगायचा. एकाही कंपनीनं दावण दाखवली नव्हती, एवढं मात्र सांगायचं राहून जायचं. दर महिन्याला तो ओळखीच्या सगळ्यांना फोनवर 'कारकिर्दीच्या ताज्या बातम्या' पाठवी. त्यात स्वतःचा उल्लेख 'आपले लाडके कलावंत' असा करी. गेल्या महिन्याची बातमी होती, लाडक्या कलावंतांनी अकॉर्डियनचा पट्टा बदलला.

शहरातल्या रेडिओ स्टेशनला गाणी पाठवून पाठवून तो थकला होता. तिथला निवेदक प्रत्येक वेळी "बघू, लावू" म्हणायचा आणि विसरून जायचा. शेवटी थोरल्या भावानं, औषधांच्या दुकानवाल्या दादानं, त्याला समोर बसवून सांगितलं, "आता पुरे. सोमवारपासून माझ्या काउंटरवर ये. जागा तुझ्यासाठी अडवून ठेवलीय." गवयानं मान खाली घालून हो म्हटलं होतं.

आज तोच सोमवार होता. डबा भरून तयार होता.

"गाण्याआधी काही बोलले का?" बायकोनं विचारलं. "तुमचं नाव वगैरे घेतलं?"

"नाव कशाला? आवाज पुरतो आता."

"मग दुकानाचं काय?"

"कसलं दुकान?"

घर तिच्या शिलाईवर चाललं होतं, आणि गणवेश शिवून शिवून तिच्या डोळ्यांचं वाटोळं झालं होतं. दादाकडचा पगार सुरू झाला की एका शाळेचं काम सोडायचं, असं तिनं ठरवलं होतं. ते तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगण्यात अर्थही नव्हता.

गवई डबा तिथेच ठेवून बाहेर पडला. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये रेडिओ लागला होता, आणि काय आश्चर्य, त्यातही मोजाच पळत होता. गवई दारातच थबकला.

"सकाळपासून हेच चाललंय!" न्हाव्याचे दोन्ही हात फेसात होते.

"आवडलं?"

"डोक्यात जाऊन बसलंय हो. निघता निघत नाही."

गवयाला गहिवरून आलं. पुढे इस्त्रीवाल्याकडे शेवटचं कडवं चालू होतं. इस्त्रीवाला कुणीतरी चिमटे काढल्यासारखं तोंड करून कपडे ओढत होता, पण गवयाला त्यात दाद दिसली. लोक पुन्हा पुन्हा फर्माईश करताहेत, याहून वेगळा अर्थ त्याला सुचलाच नाही. इतक्या वर्षांच्या उपासानंतर ताट समोर आलं की माणूस मीठ कमी आहे का ते बघत नाही. तिथेच उभ्या उभ्या त्यानं फोन काढला आणि बातमी धाडली: 'आपले लाडके कलावंत आजपासून शहराच्या ओठांवर.'

दादाच्या दुकानात गर्दी होती. काउंटरवर नवा पांढरा कोट घडी घालून ठेवलेला होता. बाकावर एक किडकिडीत माणूस बसून होता. जागा रिकामी झालीच तर मला घ्या, म्हणून तो आशेवर आला होता.

"ये. कोट घालून बघ, बसतो का," दादा म्हणाला.

"तूच घाल. माझं गाणं लागलंय रेडिओवर. एकदा नाही, सकाळपासून."

"खरंच? चांगलंच झालं की." दादा मनापासून हसला. "मग संध्याकाळी गा, दिवसा इथे बस. बायकोचा तरी विचार कर."

बायकोचा विषय निघताच गवई भडकला. इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम वर आलं. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोळ्या मोजल्यास तू. तुला कधी कुणी ऐकलंय? जळतोस माझ्यावर, दुसरं काही नाही!"

एका आजीबाईंनी पुढे केलेली चिठ्ठी हळूच मागे घेतली. दादाचा चेहरा पडला. वडील गेल्यावर ज्यानं याला शिकवलं, याच्या पहिल्या अकॉर्डियनसाठी आपली मोटारसायकल विकली, त्या माणसाला हे भर दुकानात ऐकावं लागलं होतं.

"नक्की ना?" त्यानं एवढंच विचारलं.

"नक्की."

दादानं बाकावरच्या माणसाला खूण केली आणि कोट त्याच्या हातात दिला. कोट त्याला अगदी बरोबर बसला.

गवयानं मोठा पुष्पगुच्छ घेतला आणि थेट रेडिओ स्टेशन गाठलं. निवेदकाला मिठी मारायची, मागचं सगळं माफ करायचं, असं त्यानं जिन्यातच ठरवून टाकलं. वरचं दार सताड उघडं होतं. स्वागताच्या टेबलाशी कुणी नव्हतं. आतल्या खोलीत एक पोक्त तंत्रज्ञ जमिनीवर बसून वायरी गुंडाळत होता.

"मी मोज्याच्या गाण्यावाला," गवई म्हणाला. "निवेदकसाहेब कुठे आहेत?"

"ते गेले नव्या नोकरीवर. सगळेच गेले, आज स्टेशन बंद होतंय ना." तंत्रज्ञानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "पैसे थकले म्हणून संगीत कंपन्यांनी कालपासून त्यांची गाणी वाजवायला बंदी केली, आणि परवाना आज सहापर्यंतचा, तोवर काहीतरी वाजत ठेवणं तर भाग आहे. ज्याच्यामागे कुठलीच कंपनी नाही असं तुमचं एकच सापडलं, तेच फिरवत ठेवलंय सकाळपासून. बरं झालं आलात, सहाला बटण तुम्हीच बंद करा, म्हणजे मी आता घरी जातो."