भाकरीचा वास

शिवपुत्रनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला. मग तोंडावर हात धरून लंगडत मोरीकडे गेला.

रंभाबाई पाण्याचा तांब्या घेऊन मोरीबाहेर उभी राहिली. विडी सोडवायची गोळी सुरू झाल्यापासून हे असंच चाललं होतं. गोळीनं मळमळतं, पोटभर जेवूनच घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि हा जेवतच नव्हता. उपाशीपोटी गोळी घ्यायची, मग मोरीत ओकत बसायचं.

"बास झालं," तोंड पुसत तो म्हणाला. "उद्यापासनं गोळी बंद."

"आन् पाय?"

त्यानं पट्टी बांधलेला पाय मागं घेतला. डाव्या पायाचा अंगठा आधीच काढला होता. विडी की पाय, एकदा काय ते ठरवा, असं डॉक्टर म्हणाले होते. टॉवेलच्या मागावर उभ्यानं जन्म काढलेल्या माणसाला ते फोडून सांगावं लागलं नाही. गोळीनं विडी सुटलीही होती. आता गोळी सुटली, की विडी परत ओठांवर येणार, हे त्यालाही कळत होतं आणि तिलाही.

"काल शेजारच्या साबेराभाभीकडं दोन भाकरी खाल्लासा की," रंभाबाई म्हणाली. "तितं बऱ्या उतरल्या. तिची गोड आन् माजी कडू?"

"भाकरीचं न्हाय गं."

"मग? आमटी बिघडली?"

तो खाली मान घालून बसला. मग त्याची नजर हळूच तिच्या हातांकडे गेली, तिथून कोपऱ्यातल्या सुपाकडे. सुपात पानं होती, तंबाखू होता आणि तिनं सकाळपासून वळलेल्या विड्या होत्या.

रंभाबाईनं स्वतःची बोटं नाकाशी नेली. तिला कसलाच वास आला नाही. परकर नेसत होती तेव्हापासून विड्या वळणाऱ्या बाईला कुठून येणार?

"आदी का न्हाय बोललासा?"

"काय बोलू? गोळीपासनं तंबाखूचा वास सोसंना, तुज्या हातचं पोटात ठरंना, आसं म्हनू?"

ती उठून मोरीत गेली. साबण लावला. लिंबाची फोड घासली. मग चिंच. नखांच्या कडा लाल होईस्तोवर घासल्या. परत येऊन दोन्ही तळवे त्याच्या नाकापुढं धरले.

"बगा आता."

त्यानं श्वास रोखून धरला. "गेला की," म्हणाला. डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं.

"खोटं लई वाईट बोलता तुमी," म्हणत तिनं हात पदराखाली घेतले.

विड्या वळायच्या सोडल्या तर गोळी आणायची कशानं, हे कुणी बोललं नाही. सूप कोपऱ्यात तसंच राहिलं.

बऱ्याच वेळानं शिवपुत्र उठला. हात धुतले. शेगडी खाली घेतली, परात पुढ्यात ओढली आणि पट्टीचा पाय लांब करून बसला. पीठ त्याच्या बोटांना चिकटलं, बोटं एकमेकांना चिकटली.

"सरका, मी—" म्हणत ती पुढं झाली आणि मध्येच थबकली.

"तितनंच सांग," तो म्हणाला.

ती उंबऱ्याशी जाऊन बसली. "पीठ लावा की वाईच. दाबू नगा, थापा. फिरवत ऱ्हावा. आवं, फिरवत!"

भाकरी मधोमध चिरली. त्यानं गोळा केला, पुन्हा थापली. पुन्हा चिरली.

"फिरवत म्हंजी कसं?"

"त्ये मला कुटं ठाऊक हाय," ती म्हणाली. "त्ये हातालाच ठाऊक."

मग तिनं पदराखालून हात काढले. उंबऱ्यावर बसल्या बसल्या ती रिकाम्या हवेत भाकरी थापू लागली. एक थाप, एक फिरवणं. परातीकडे न बघता, तिच्या हातांकडे बघत, तोही थापत राहिला.