एका अक्षराची जागा

बाळ मांडीवर झोपलं की मृण्मयी प्रोग्रॅमिंग शिकायची. पक्षाघातानं बाबांची वाचा गेली होती, उजवा हातही. त्यांना बोलता यावं म्हणून तिनं एक छोटा प्रोग्रॅम लिहून कीबोर्डच्या कळांवर मराठी अक्षरं चिकटवली होती. काना-मात्रा अजून यायच्या होत्या.

बाबांनी डाव्या हाताच्या बोटानं ‘ब’ दाबला. मग ‘स’. पडद्यावरचा ‘ब’ विरघळला आणि ‘स’ एकटाच उरला. बाबांनी हात मागे घेतला.

“राहू दे गं, दमले ते,” आई म्हणाली. हल्ली त्यांच्या वाटचंही तीच बोलायची. “चहा हवाय? हवाय. आलं घालू? घाल म्हणतायत.”

मृण्मयीला चूक उमगली. तिनं प्रोग्रॅममध्ये ‘कॅरॅक्टर’ वापरला होता. त्यात एकच अक्षर मावतं. नवं आलं की जुनं जातं. हवी होती ‘स्ट्रिंग’, अक्षरांची माळ. बाळाला थोपटत तिनं एका हातानं दुरुस्ती केली.

“बाबा, आता कुणी जाणार नाही. एकदाच, माझ्यासाठी.”

दुपारचं पिवळं ऊन कळांवर पसरलं होतं. बाबांचं बोट पुन्हा हललं. बालवाडीतली पोरं एकमेकांचा सदरा धरून निघतात, तशी अक्षरं पडद्यावर एकामागून एक येत राहिली. मधे थोडी जागा सोडून पुन्हा चालू लागली.

आईनं चष्मा चढवून मोठ्यानं वाचलं, “बस कर बडबड.”

बाबांचे डोळे मिस्कील हसत होते. आई पदरानं डोळे टिपत त्यांच्याशेजारी टेकली.

“बरं,” ती म्हणाली, “तुम्ही बोला.”