पंख्याचा टेक्निकल पुरावा

कळंबच्या सुदर्शनच्या पोल्ट्रीतला मोठा पंखा गॅरंटीत असतानाच गचकला आणि उन्हाच्या तडाख्यात रोज पंधरा-वीस कोंबड्या माना टाकू लागल्या. तीन आठवडे तो पंख्याच्या कंपनीला फोन करत होता आणि तिथला माणूस दर वेळी तितक्याच गोडीने म्हणायचा, "सर, पंख्यामुळेच मेल्या याचा टेक्निकल पुरावा पाठवा."

"मेलेल्या कोंबड्यांचा जबाब लिहून आणू का राव? अंगठे न्हाईत त्यान्ला!" सुदर्शनने फोन खाटेवर आपटला.

त्याची इंजिनिअरिंगला असलेली बहीण अक्षदा त्याच्याहून जास्त पेटली. तिने कॉम्प्युटरमध्ये अख्खं शेड उभं केलं, त्यात पत्र्याची धग आणि चार हजार कोंबड्यांची ऊब भरली. पंख्याच्या जागी 'फॅन बाउंड्री कंडिशन' लावली, म्हणजे पंखा किती जोरात हवा बाहेर फेकतो ते आकड्यांत सांगितलं. पंखा चालू धरला तर चित्रातलं शेड निळंशार दिसायचं, बंद धरला की लालभडक.

"दादा, आता कसं न्हाई म्हणत्यात तेच बघते," म्हणत तिने दोन्ही चित्रं कंपनीला पाठवली. तीन आठवडे न हललेली कंपनी दहा मिनिटांत हलली.

कंपनीचं उत्तर आलं:

"पहिल्या फोटोत पंखा उत्तम चालू आहे, दुसऱ्या फोटोत तो तुम्हीच बंद ठेवलेला दिसतो, त्यामुळे कोंबड्यांची जबाबदारी तुमची. तक्रार निकाली काढली आहे."