जळका वास

एव्हान्थियाकाकूंनी नवऱ्याचं वेप, म्हणजे ई-सिगारेट, लेफ्तेरिसच्या वेपच्या दुकानात काउंटरवर ठेवलं आणि त्या स्टुलावर टेकल्या.

"बघ रे बाबा, काय बिघडलंय ते. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर सिगारेट सोडवून हे हातात दिलं. तर जेवण झालं की बाल्कनीत जातात नि जळका वास घेऊनच आत येतात. कापूस करपत असणार."

लेफ्तेरिसला ही तक्रार पाठ होती. लोक कापूस ठासून भरतात, मग वाफ होणारा वेपचा रस आत झिरपत नाही आणि गरम तारेवर कोरडा कापूस जळतो. त्याने झाकण उघडलं, तारेच्या वेटोळ्यातला कापूस चिमट्याने ओढून बशीत ठेवला. महिन्यापूर्वी त्यानेच भरून दिलेला तो कापूस अजून पांढराशुभ्र होता. तारसुद्धा नव्यासारखी चकाकत होती.

"काकू, हे तर कुणी ओढलेलंच..." तो अडखळला.

काकू बशीकडे बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"नवा भर. आणि हे विचारायला आले, तर जळला होता म्हणून सांग. घरी मीही तेच सांगणार आहे."