एका बाजूने झिजलेला चमचा

क्रीम घातलं की आई सगळ्यांना बाहेर पिटाळून स्वयंपाकघराचं दार लावायची. "कुणी बघितलं की फाटतं," म्हणायची. ती गेल्यावर तिचा चिकन पास्ता पहिल्यांदाच करत होते, दार लावूनच. तिचा लाकडी चमचा एका बाजूने झिजलेला. माझ्या हातात तो तळाला टेकेचना, सॉस करपू लागला. "मी ढवळते," म्हणत शेजारी उभ्या लेकीने तो डाव्या हातात घेतला. "उजवा हात! किती वेळा सांगू?" मी खेकसले. पण झिजलेली कड तळाशी बरोब्बर बसली. बाबा दार ढकलून आत आले, थबकले. "तुझी आईही डावखुरीच. लहानपणी मार खाऊन हात बदलला, ढवळताना मात्र डावाच लागायचा. तिला वाटायचं, मला माहीत नाही." लेकीने चमचा उजव्या हातात घेतला. मी तो पुन्हा तिच्या डाव्या हातात दिला. "ढवळ," म्हटलं, "आणि दार उघडंच राहू दे."